आंबवडे की आंबाडे?

भोर तालुक्यात आंबवडे नावाचं एक गाव आहे आणि आंबाडे नावाचं दुसरं. भोरहून दोन्हीकडे डांबरी रस्ता जातो, दोन्ही रस्ते डोंगराच्या दिशेनं जातात आणि दोन्हींच्या मध्ये रोहिडा किल्ला बसलेला आहे. आंबवड्याला जाताना रोहिडा डाव्या हाताला राहतो, आंबाड्याला जाताना उजव्या. हे मला आज पाठ आहे. गेल्या सप्टेंबरातल्या त्या रविवारी मात्र आमच्या गाडीतल्या पाच जणांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. घरची बोली दखनी, त्यामुळे मुलांच्या तोंडी मराठी शब्दांची मधली अक्षरं गडप होतात. 'व' तर हमखास. वहीत असा खाल्लेला 'व' सापडला की मी लाल पेनानं गोल करते आणि तो शब्द पाच वेळा लिहायला लावते. आणि त्या दिवशी भोरच्या चौकात माझ्याच नवऱ्यानं गाडीची काच चार बोटं खाली घेतली, एका दुकानदाराला "अंबाडेचा रस्ता?" असं विचारलं, त्यानं हात केला, "मांढरदेवीच्या..." एवढं म्हणाला, तोवर आमची काच वर गेली होती. लाल गोल कुणाला करायचा?

निघालो होतो आंबवड्याचा झुलता पूल बघायला. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला होता. ओढ्यावर लोखंडी दोरांनी टांगलेला अरुंद पूल, पलीकडे दाट झाडी, झाडीत नागेश्वराचं जुनं देऊळ. भोर संस्थानच्या पंतसचिवांच्या काळातला पूल आहे, म्हणाल्या. धाकटीनं फोटो बघितला आणि तीन आठवडे पुलावर उड्या मारायच्या गोष्टी केल्या. सासूबाईंना गुडघ्यांमुळे पुलावर चालणं जमणार नव्हतं, पण घरी एकट्या बसणं त्याहून जमणार नव्हतं.

सकाळी खेड शिवापूरला कमर अली दरवेशांच्या दर्ग्यात फातिहा दिली. अकरा जणांनी एकेक बोट लावून उचलायचा दगड मुलानं पुन्हा एकदा बघितला. कापूरहोळला महामार्ग सोडला. इंगवलीजवळ नीरा नदी जिथं गळ्यातल्या हारासारखी वळते, तिथं फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी होती की आम्ही गाडी न थांबवता पुढे गेलो. गर्दी हे कारण खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं.

ती काच चार बोटंच का खाली आली, हे सांगायला हवं. दोन-अडीच वर्षांपूर्वी आम्ही असेच एका डोंगरात फिरायला गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, त्या गावाचा काही दोष नव्हता. रस्त्याकडेला डबा उघडून बसलो होतो. चार-पाच पोरं मोटारसायकलवर आली. कुठले, नाव काय, डब्यात काय आहे, असं विचारलं. डब्यात बटाट्याची भाजी होती. "बरं, आवरा आणि निघा," म्हणाली. आम्ही आवरलं आणि निघालो. पुढे काहीही झालं नाही. कुणाला सांगावं असंही त्यात काही नाही, आणि म्हणूनच ते आजवर कुठं लिहिलं नव्हतं. पण तेव्हापासून आमच्या सहलींना नियम लागले. डबा गाडीतच खायचा. बाहेर उतरल्यावर मुलांनी 'अम्मी' नाही, 'मम्मी' म्हणायचं. रस्ता माणसांना विचारायचा नाही, मोबाइलला विचारायचा. पोरांना मराठी बोलायला लाजू नका म्हणून वर्गात घसा कोरडा करणारी मी, स्वतःच्या मुलीला घराबाहेर आईची हाक बदलायला शिकवत होते.

भोर सोडल्यावर रस्ता शेतांतून जाऊ लागला. दोन्ही बाजूंना भातखाचरं, पोटरीत आलेला भात, बांधावर तेरडा. रोहिड्याच्या माथ्यावर ढग टेकला होता. मुलाच्या मोबाइलवर सुरुवातीला निळी रेघ होती, मग नुसता निळा ठिपका राहिला आणि तोही एका जागी थिजला. "अब्बू, नेटवर्क गया." नवरा म्हणाला, "जाने दे, सीधा रस्ता है."

सीधा रस्ता! पाचेक मिनिटांत घाट सुरू झाला.

आंबाडखिंडीचा तो घाट पावसाळ्याच्या शेवटी ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या वळणापर्यंत ऊन होतं. दुसऱ्या वळणावर ऊन खाली राहिलं. तिसऱ्या वळणाला उजवीकडच्या कड्यावरून पाण्याची बारीक धार रस्त्यावरच पडत होती, तिच्याखालून गाडी गेली तेव्हा टपावर मूठभर खडे टाकल्यासारखा आवाज झाला आणि धाकटी किंचाळली. मग सोनकी. मी सोनकी याआधी बघितली नव्हती असं नाही, पण अशी नव्हती. उतारच्या उतार पिवळे, आणि धुकं त्यावरून सरकत असल्यामुळे एक तुकडा उजळायचा, दुसरा विझायचा. खाली मध्येच ढग फाटला की सगळं खोरं दिसायचं. खाचरांचे हिरवे चौकोन, कौलारू वस्ती, बारीक चकाकणारा ओढा. पुन्हा पांढरं.

मागच्या सीटवर मुलगा वळणं मोजत होता. बारा, तेरा. सासूबाई तोंडातल्या तोंडात आयतुल कुर्सी पढत होत्या. धाकटीनं विचारलं, "दादी, आपण नमाजमध्ये सीधा रास्ता मागतो ना? मग हा असा का?" दिवसाच्या पाच फर्ज नमाजींच्या सतरा रकातींत सतरा वेळा आपण सूरह फातिहामध्ये सरळ मार्ग मागतो, हे तिला नुकतंच मदरशात शिकवलं होतं. सासूबाईंचं पढणं चालू होतं, उत्तर नवऱ्यानं दिलं. "बेटा, इधर सीधा गये तो सीधा नीचे जाएंगे." आम्ही सगळे हसलो. मला आठवतं, त्याचे खांदे तेव्हा पहिल्यांदा खाली आले.

आपण चुकलोय हे मला त्याआधीच कळलं होतं. समोरून येणाऱ्या जीपांवर हळद-कुंकू होतं, टपावर बांधलेल्या परड्या होत्या. आंबवड्याच्या पुलाकडे एवढ्या परड्या कशाला येतील? मग मुलानं एक पाटी वाचली. मांढरदेवी. काळूबाईचं मांढरदेव म्हणजे सातारा जिल्हा, वाई तालुका. जानेवारी २००५ मध्ये पौषातल्या यात्रेत तिथं चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून जास्त माणसं गेली होती, त्या बातम्यांनी आम्हाला हे नाव माहीत. आम्ही जिल्हाच ओलांडायला निघालो होतो.

"पूछो ना किसीको," मी म्हटलं.

"आगे देखते ना."

पुढे दिसत काहीच नव्हतं. बोनेटच्या पलीकडे दहा हात रस्ता, त्यानंतर दूध. मजा म्हणजे मला परत फिरायचंही नव्हतं. उर्दूत आपण म्हणतो रास्ता भूल गये, म्हणजे विसरणारे आपण. मराठीत म्हणतात वाट चुकली, तिथं चूक जणू वाटेनंच केलेली असते. मी वर्गात हा फरक सांगते तेव्हा मुलं हसतात. घाटात मला वाटलं, मराठीचंच बरोबर आहे, वाटेनं चुकून आम्हाला इथं आणलं, आम्ही काय करणार?

घाटमाथ्यावर एक निळा ताडपत्रीचा आडोसा दिसला. कोळशाची शेगडी, कणसांचा ढीग, चहाचं भांडं, आणि साठीच्या आसपासची एक बाई. नवऱ्यानं गाडी जरा पुढे नेऊन थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. पण मागचं दार उघडून धाकटी कधीच उतरली होती, आणि तिनं पूर्ण घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अम्मी, मुझे भुट्टा!"

नियम मोडला तो असा. मी उतरले.

बाईनं पोरीकडे बघितलं, माझ्या ओढणीकडे बघितलं. "कणीस पायजे व्हय बाळाला?" मग मला, "मुलाणी का तुमी?"

हा प्रश्न मी दोन-अडीच वर्षं टाळत होते. तोच प्रश्न होता. नाव काय, कुठले, त्याच जातीचा. माझ्या पोटात गोळा आला आणि तोंडून मात्र सरळ उत्तर गेलं, "नाही, शेख. पुण्याहून आलो."

"आमच्या माह्यारी मुलाण्याचं एक घर हाय," ती शेगडीवर पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणाली. "जत्रंला बोकडाच्या मानंवर सुरी त्यानंच फिरवायची, त्याबिगार न्हाय जमत. म्हातारा गेला. आता त्याचा ल्योक मुंबैवरनं येतो सुरी फिरवाया. रजा न्हाय मिळाली तर गाव ताटकळतं." मग एकदम, "मीठ-लिंबू लई लावू का बेतानं?"

एवढंच. मुलाणी म्हणजे गावगाड्यातला एक हक्कदार, मशिदीत झाडलोट करणारा, गावाचा बोकड हलाल करणारा. शब्द 'मुल्ला'वरून आलेला. हे मी पुस्तकांत वाचलं होतं. ती बाई पुस्तकातलं बोलत नव्हती, तिच्यासाठी तो रजा न मिळणारा एक माणूस होता. तिचा प्रश्न ओळख काढण्याचा होता, गावाकडे कुणीही कुणालाही विचारतं तसा. तो तसा आहे हे विचारण्याच्या आवाजातच होतं, पण आवाज ऐकायला काच खाली असावी लागते.

आंबवड्याचं विचारलं तेव्हा ती हसायला लागली. "आवं ऱ्हायलं की आंबवडं पार पल्याड! खाली गेलं ते आंबाडं. आता माघारी भोरला जावा, किल्ला डाव्या अंगाला ठिवा आनि रायरेश्वराचा रस्ता धरा." नवरा आता इंजिन बंद करून जवळ आला होता. तिनं त्यालाही धरलं. "दादा, तुमी न्हाय का इचारलं भोरात?" तो म्हणाला, "विचारलं होतं." मी काही बोलले नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की कुठं लाल गोल करायचा नाही हे कळतं.

कणसं खाल्ली. चहा झाला. तीन वाजून गेले होते आणि सासूबाईंची जुहर राहिली होती. नवरा हळूच म्हणाला, "अम्मा, गाडीमेंच पढ लेव." तेवढ्यात मुलानं मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. नेटवर्क लागत नाही त्याला, पण ते यंत्रही घाटात बावचळलं होतं. सुई एकदा दरीकडे, एकदा शेगडीकडे. सूर्य ढगात. किबला ठरवायचा कसा? आपल्या फिक्हमध्ये याची सोय आहे. दिशा कळत नसेल, सांगणारं कुणी नसेल, तर स्वतः नीट अंदाज घ्यायचा, मन ज्या दिशेला ठाम होईल तिकडे तोंड करून नमाज पढायची. नंतर दिशा चुकीची निघाली तरी नमाज झाली, पुन्हा पढायला नको. एवढ्या काटेकोर शास्त्रात वाट चुकलेल्यासाठी ठेवलेली ही जागा मला नेहमीच आवडत आलीय. पण आमच्याकडे सांगणारं माणूस होतं, आणि सासूबाईंनी अंदाजबिंदाज न घेता त्यालाच विचारलं.

"बाई, मावळत कुठली हो?"

तिनं चिमट्यानंच दिशा दाखवली. मुलगा म्हणाला, "पण ढग आहेत..." त्याला म्हणाली, "ढग आलं म्हून मावळत हलती व्हय?"

महाराष्ट्रातून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. मावळतीकडे. मावळणे, मावळत, आणि सूर्य मावळतो तिकडचा मुलूख तो मावळ. भोर हा त्याच बारा मावळांतला. आणि अरबीतला मगरिब? सूर्य बुडण्याची जागा, म्हणून पश्चिम, म्हणून त्या वेळची नमाज, आणि मोरोक्कोच्या बाजूचा सगळा देश. म्हणजे मगरिबचं मराठी भाषांतर अक्षरशः मावळ असं होईल. इतकी वर्षं दोन्ही भाषा शिकवून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते त्या चिमट्यामुळे आलं.

बाईनं कणसांची पोती एका बाजूला ओढली, कोरडं फरशीएवढं अंगण केलं. पिंपातून तांब्याभर पाणी दिलं वजूला. सासूबाईंनी तिच्याच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून जुहर पढली. त्यांच्यानंतर मी उभी राहिले. दुसऱ्या रकातीत असताना एक जीप थांबल्याचा आवाज आला. दारं, चपला, पुरुषांचे आवाज. नमाजीत मन भटकू नये, पण माझं पूर्ण मन पाठीत येऊन बसलं होतं. सलाम फिरवताना उजवीकडे बघितलं तेव्हा कपाळाला भंडारा लावलेली पाच-सहा माणसं चहा पीत उभी होती. एकानं माझ्याकडे बघितलं, मग कणसाकडे बघितलं आणि लिंबू मागितलं.

नवऱ्यानं मात्र नमाज पढली नाही. तो गाडीला टेकून रस्त्याकडे बघत उभा होता. मी काही विचारलं नाही. रात्री घरी त्यानं कजा पढली. त्या बाईंनी आमची वाट दुरुस्त केली, पण एका कणसानं माणसाच्या पाठीवरचा पहारा उठत नाही, आणि तसं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

निघताना तिनं कणसांचे पैसे घेतले, चहाचे घेतले नाहीत. सासूबाईंनी पिशवीतून दर्ग्याचा तबर्रुक, साखरफुटाणे काढून तिच्या हातावर ठेवले. तिनं ते कपाळाला लावून तोंडात टाकले.

उतरताना तोच घाट वेगळा दिसला. ढग वर सरकले होते. ज्या वळणावर दूध होतं तिथं आता आख्खं विसगाव खोरं उघडं पडलं होतं, पलीकडे रोहिडा, त्याच्याही मागे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेलेल्या. आम्ही दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा नवऱ्यानं स्वतःहून थांबवली. उरलेला डबा बाहेर कठड्यावर बसून खाल्ला. अंडी होती, पराठे होते. धाकटीनं तीन पराठे खाल्ले, जे ती घरी कधीच खात नाही.

भोरला आल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली, काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि सायकलवरच्या एका पोराला विचारलं, "आंब-व-ड्याचा रस्ता कुठला?" 'व' वर असा जोर दिला की पोरगं दचकलं. वर्गात असता तर शाबासकीचा शेरा दिला असता.

आंबवड्याला पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. पूल फोटोतल्यापेक्षा लहान आहे आणि फोटोत तो हलत नाही. धाकटी मध्यावर उड्या मारत होती, मी दोर घट्ट धरून तिच्यावर ओरडत होते, खाली ओढ्याचं पाणी गढूळ आणि भरपूर. सासूबाई या काठावर एका दगडावर बसून दोघींना ओरडत होत्या.

गावात कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. प्रतापगडाच्या भेटीत शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या सय्यद बंडाला अडवणारा तो जिवा महाला. माझ्या शाळेत सय्यद आडनावाची मुलं असतात आणि चौथीचा धडा झाला की वर्षभर त्यांना 'बंडा' म्हणून चिडवतात, मुसलमान पोरंच एकमेकांना चिडवतात. अशा वेळी मी त्यांना सिद्दी इब्राहिम सांगते. त्याच भेटीला महाराजांबरोबर निवडून नेलेल्या मोजक्या अंगरक्षकांपैकी तो एक. समाधीपाशी उजेड जेमतेम उरला होता. सासूबाईंनी विचारलं, कुणाची? मी सांगितलं. "मालिककू बचाया ना? अच्छा किया," म्हणाल्या, आणि त्यांना थंडी वाजत असल्याचं आठवलं.

आता शेजारणी विचारतात तेव्हा सासूबाई आंबवड्याचं वर्णन करतात. ढग हाताला लागत होते म्हणतात, पिवळी फुलं डोंगरभर होती, एका बाईनं कोळशावर कणसं भाजून दिली, तिच्या स्टुलावर नमाज पढले. पुलाचं नावही काढत नाहीत. मी एकदा सांगून बघितलं की अम्मा, ते आंबाडे, आंबवडे दुसरं. "वहीच बोली मैं," म्हणाल्या. येत्या पावसाळ्यात पुन्हा आंबवड्याला जायचं म्हणतात, आणि नवरा मला विचारतोय, कुठल्या?